जोशी, गणेश वासुदेव (सार्वजनिक काका)

जोशी, गणेश वासुदेव : (१८२८–२५ जुलै १८८०). ‘सार्वजनिक काका’ या नावाने प्रसिद्ध असलेले पुण्याचे वकील, पुणे सार्वजनिक सभेचे एक संस्थापक आणि देशी उद्योग व व्यापार यांचे महाराष्ट्रातील आद्य प्रवर्तक. जन्म सातारा येथे. पुण्यास आल्यावर त्यांनी काही काळ सरकारी नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. लोकांची गाऱ्हाणी स्वतःची मानून ती सरकारदरबारी मांडण्याच्या त्यांच्या वृत्तीमुळे त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव पडले.

पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. त्यातून लोकांच्या वतीने बोलणारी संस्था असावी, ही कल्पना पुढे आली आणि २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे तिचे पहिले अध्यक्ष होत. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा सभेचा नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. वकील ज्याप्रमाणे वकीलपत्रावाचून पक्षकाराची बाजू मांडत नाही, त्याप्रमाणे लोकप्रतिनिधीनेही लेखी अधिकारावाचून बोलू नये, हे तत्त्व या नियमात दिसते.

सभेच्या स्थापनेचा काळ देशी कारागिरांना फार प्रतिकूल होता. पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) विणकर, तांबट इ. कारागिरांचा राजाश्रय संपला होता. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. परिणामी इंग्लंडमधील गिरण्यांचे स्वस्त कापड घाटावरील बाजारपेठांत सहज येऊ लागले. कामावाचून राहिलेला कारागीर शेतीकडे वळे व आधीच कर्जबाजारी असलेल्या शेतीवर अधिक भार पडे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांनी या दुरवस्थेची तीव्रता प्रकट केली.

न्या. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास आले. देशी व्यापारावरील त्यांच्या व्याख्यानांनी या प्रश्नास तात्त्विक बैठक मिळाली. तिला व्यवहाराचे रूप देण्याचे काम जोशी यांनी अंगावर घेतले. १८७२ मध्ये त्यांनी खादीच वापरण्याची शपथ घेतली आणि ती अखेरपर्यंत पाळली. देशी व्यापारोत्तेजक मंडळाच्या द्वारे त्यांनी शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या यांसारख्या नित्योपयोगी वस्तूंच्या निर्मितीस उत्तेजन दिले. अशा वस्तूंना थोडे भांडवल पुरे, परंतु गिऱ्हाईक निश्चित हवे. म्हणून पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत इ. ठिकाणी देशी मालाची दुकाने काढण्यात आली व प्रदर्शनेही भरविण्यात आली. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते खादीच्या साध्या वेषात उपस्थित राहिले. संस्थानिकांच्या त्या थाटात हा वेष विशेष लक्ष वेधून घेणारा ठरला.

व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे दुसरे महत्त्वाचे कार्य म्हणजे लवाद न्यायालय. लहान व्यापारी व शेतकरी यांना देण्याघेण्याच्या दाव्यांत मुद्रांकशुल्क, वकिलाची फी व दीर्घ विलंब हे मूळ रकमेहून जड होत. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत लवादाची तरतूद होती. तिच्या धर्तीवर उभय पक्षांच्या संमतीने पंचांकरवी तंटे मिटविण्याची व्यवस्था रानडे व जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झाली. दावे न्यायालयाबाहेर मिटल्याने वकिलाचे उत्पन्न घटते, हे उघड असूनही जोशी यांनी हे कार्य नेटाने केले. १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून ती सरकारपुढे मांडली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात, सरकारी रोषाची पर्वा न करता, त्यांनी फडके यांचे वकीलपत्र घेतले.

जोशी यांच्या औद्योगिक प्रयत्नांना मर्यादित यश लाभले. देशी माल महाग पडे आणि तो घेणारा वर्ग लहान होता. कारखानदारीस लागणारे भांडवल, यंत्रे व तांत्रिक शिक्षण यांचीही उणीव होती. शासनाचे धोरणही विरोधी होते : विलायती कापडावरील आयातशुल्क मुळात पाच टक्केच होते; जाड्याभरड्या कापडाच्या काही प्रकारांवरील शुल्क १८७९ मध्ये व उरलेले १८८२ मध्ये रद्द झाले. अशा स्थितीत व्यक्तीच्या व्रतस्थतेवर बाजारपेठ दीर्घकाळ टिकणे शक्य नव्हते. तथापि ग्राहकाचा निश्चय, मालाचे दुकान, प्रदर्शन व तंट्यांचा झटपट निवाडा ही स्वदेशीची अंगे त्यांनी प्रथम एकत्र आणली. रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली, तीत भांडवल व शिक्षण या उणिवांचा विचार पुढे नेण्यात आला. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत आणि लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून तळेगाव येथे काचकारखाना उभारणाऱ्या पैसा फंडात त्यांच्याच कार्याचे अधिक विस्तृत रूप आढळते.