वज्रच्छेदिकेच्या अखेरची नोंद

संगणकावरील माहिती कोणा एकाची मालमत्ता न मानता सर्वांची सामाईक संपत्ती मानावी, हा विचार अगदी अलीकडचा समजला जातो. ग्रंथाच्या बाबतीत तो किती जुना आहे, याचा पुरावा एका बौद्ध सूत्राच्या अखेरीस छापलेला आहे.

चीनमधील दुनहुआंग येथे सापडलेली वज्रच्छेदिका-सूत्राची चिनी प्रत ही छपाईची तारीख नमूद असलेल्या संपूर्ण मुद्रित ग्रंथांत जगात सर्वांत जुनी होय. लाकडी ठशांनी छापलेली ही गुंडाळी सुमारे ५ मीटर लांब आहे. ११ मे ८६८ रोजी वांग जिए नामक उपासकाने आईवडिलांच्या वतीने, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ती करविली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. ठसा एकदा कोरला की प्रती हव्या तितक्या निघतात, आणि एकाने घेतल्याने दुसऱ्याचे उणे होत नाही. संगणकीय अक्षराचा गुणही हाच. त्याला कागद आणि शाईही लागत नाही.

परंतु वाटण्यासाठी छापलेली ही प्रत बंद गुहेत सुमारे नऊशे वर्षे पडून राहिली. १९०७ साली ऑरेल स्टाइन यांनी ती मिळवून लंडनला नेली. १९९४ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पामुळे तिची छायाचित्रे आता कोणासही पाहता येतात.

वांग जिए यांच्या नोंदीचे काम आज परवाने करतात. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने लेखकास स्वतःचे हक्क सोडण्याची रीत घालून दिली. भिक्खू सुजातो यांनी चार निकायांची आपली इंग्रजी भाषांतरे २०१८ साली त्याच रीतीने खुली केली.

नुसत्या घोषणेने पाणवठा खुला होत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी हयातीत प्रकाशित केलेले ग्रंथ साठ वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने सर्वांचे झाले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रकाशित झाल्याने त्यास आणखी एक वर्ष लागले. मराठी भाषांतरांची मुदत मात्र निराळी मोजली जाते. त्यामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या उपासकास या मुक्ततेचा लाभ अद्याप पुरता मिळालेला नाही. मूळ इंग्रजीवरून नवे भाषांतर करून ते सर्वांसाठी खुले ठेवावयास आता कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.