घोरावडेश्वरचा डोंगर : एका कुणब्याच्या घरचे दान

महाराष्ट्रातील लेण्यांचा विचार करताना राजे, क्षत्रप आणि श्रेष्ठी यांची नावे प्रथम आठवतात. कार्ले येथील भिक्खुसंघास क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ग्रामदान दिल्याचे शिलालेखावरून सर्वश्रुत आहे. परंतु लेण्यांची ही परंपरा केवळ राजाश्रयावर उभी नव्हती. याचा सुस्पष्ट पुरावा पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, देहूरोड आणि तळेगाव यांच्या दरम्यान असलेल्या घोरावडेश्वरच्या डोंगरावर आहे. अभ्यासक या लेण्यांना शेलारवाडीची लेणी म्हणून ओळखतात.

डोंगराच्या एका अंगास पवनेचे, तर दुसऱ्या अंगास इंद्रायणीचे खोरे आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा दिसतात. त्याच दिशेने कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी ओलांडून प्राचीन व्यापारी मार्ग बोरघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरत असे. आज पायथ्याशी लोहमार्ग व महामार्ग आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत भिक्खूंना एकांत हवा, पण भिक्षेसाठी गावही जवळ हवे. असा डोंगर दोन्ही गरजा भागवीत असे.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील येथील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथील रहिवासी उसभणक याची पत्नी सिअगुतणिका हिने, आपला पुत्र नंद याच्यासह, लेण दान दिल्याचे नमूद आहे. उसभणक हा ‘हालकिय कुडुबिक’, म्हणजे नांगर धरणारा गृहस्थ होता. आपल्या ‘कुणबी’ या शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक याच ‘कुटुंबिक’ शब्दाशी जोडतात. ‘लेण’ हा शब्द तर ‘लेणे’ या रूपाने आजही आपल्या बोलण्यात आहे.

या लेखाचे मोल मोठे आहे. एका शेतकऱ्याच्या पत्नीने दान दिले आणि लेखात दाता म्हणून तिचे नाव कोरले गेले. पतीचा उल्लेख तिची ओळख सांगण्यापुरता येतो. येथील दुसऱ्या लेखात चैत्यगृहाच्या दानाची नोंद आहे. संघाचे अस्तित्व नांगर धरणाऱ्या हातांवरही अवलंबून होते, हे या लेखांमुळे निर्विवाद ठरते.

पुढील काळात चैत्यगृहात शिवलिंगाची स्थापना झाली. आज महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. परंपरेनुसार संत तुकाराम चिंतनासाठी येथे, तसेच जवळच्या भंडारा आणि चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरांवर जात. त्या दोन्ही डोंगरांवरही कोरीव लेणी आहेत.

याच डोंगराच्या परिसरात, संरक्षण खात्याच्या डेपोभोवती वाढलेल्या देहूरोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली.

देहूरोडला वंदनेस जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी हा डोंगरही चढावा. तेथील आजच्या भाविकांच्या श्रद्धेचा मान राखावा. लेखांवर रंग, तेल वा खडू लावू नये, कारण अक्षर झिजले की पुरावा नष्ट होतो. सिअगुतणिकेला ओळखण्याचे साधन त्या ओळींशिवाय आपल्याजवळ दुसरे नाही.