पाळ कोणाची, राखण कोणाची?

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी हिरशहाबद्दल परंपरेने एक आठवण जपली आहे. जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला ते गाव मिळेल, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल, असे त्याने जाहीर केले होते म्हणतात. सिंचनाच्या इतिहासात हे वचन राजाचे औदार्य म्हणून सांगितले जाते. मला त्यात धरणसुरक्षेचा नियमही दिसतो. तलाव बांधणाऱ्याची शेती पाळीच्या पायथ्याशीच असे, त्यामुळे पाळ फुटली तर पहिले धान त्याचेच वाहून जाणार होते. पाण्याचा हक्क आणि पाण्याचा धोका एकाच उंबरठ्यावर आणून ठेवणारी ही व्यवस्था होती. चंद्रपूर आणि गडचिरोलीतली मातीची लहान धरणे शतकानुशतके उभी राहिली त्यामागे कारागिरी होती, तशीच ही सांगडही होती. ही सांगड तुटली आणि पाळी निराधार झाल्या, असे माझे म्हणणे आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि रोवणीनंतर पंधरा दिवस दडी मारली तरी धान करपते. म्हणून नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांत दोन टेकड्यांमधल्या उतारावर पाळ घालून पाणी अडवले गेले. या कामात कोहळी समाजाचे नाव मोठे. चांद्याच्या राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, ही त्यांच्यातली आख्यायिका इंग्रज अधिकारी रसेल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात नोंदवली आहे. तलावाची अंगे मोजकीच: मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडूम आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा. अनेक ठिकाणी वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, त्यामुळे एक पाळ गेली की खालच्यांवरही लोंढा येतो. मातीची पाळ सहसा तीन वाटांनी जाते. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून वाहते, किंवा उंदीर-खेकड्यांच्या बिळांतून आणि तुडुमाच्या कडेने झिरपत माती आतून पोखरते, किंवा भिजलेला उतार घसरतो. या वाटांची सुरुवात बहुधा लहानशी असते. पायथ्याशी निघणारा झिरपा स्वच्छ असेल तर धीर धरता येतो. तो गढूळ झाला की पाळीची माती वाहू लागली असे समजावे. हा फरक कळायला यंत्र लागत नाही, पण पावसात रोज पाळीवरून फिरणारे माणूस लागते.

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्यांना, गावाची मालकी दिली आणि गावासोबत तलावही त्यांचे झाले. दुरुस्तीला माणसे लावणे त्यांच्याकडे होते, कारण धान बुडाले तर त्यांची वसुलीही बुडत असे. पुढे 1950 च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट केले, 31 मार्च 1951 पासून ही गावे सरकारजमा झाली आणि तलावही सरकारचे झाले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे सोपवण्यात आले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांना आपण ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव म्हणतो. या नावात जुना मालक आहे, आजचा राखणदार मात्र कुठेच नाही. शेकडो पाळी एका कार्यालयाच्या यादीत आल्या, आणि यादी पावसाळी रात्री पाळीवर उभी राहू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, मालगुजारीत वेठबिगार होती, घाम एकाचा आणि पाणी दुसऱ्याचे होते. मग तिचे गोडवे कशाला? आक्षेप खरा आहे, आणि 1951 चा बदल न्याय्यच होता. पण त्या बदलाने जुलमासोबत जबाबदारीही उचलून नेली, आणि मालकाच्या जागी गाव यायला हवे होते तिथे फाईल आली. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: जुन्या पाळींना आज अपेक्षित असलेली गाळणी नाही, सांडव्यांना पुराचे गणित नाही, हे काम गावावर सोडता येणार नाही. तेही बरोबर. पाळीलगतचा गाळ पाणी झिरपू देत नाही. तो सरसकट उपसला तर गळती वाढते, हे सांगायला तज्ज्ञच हवा. तलावाच्या पोटातल्या शेतीसाठी सांडवा फोडणे किंवा जादा पाण्यासाठी त्यावर भर घालणे, दोन्ही घातक. पण तज्ज्ञाची यंत्रणा इथवर पोचते कुठे? 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणे येतात, आणि 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर. बहुतेक मामा तलावांच्या पाळी त्याहून ठेंगण्या. शिवाय तज्ज्ञाला वेळेवर बोलावणारा डोळा गावातलाच असतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. डोळा होता, त्याच्या शब्दाला अधिकार नव्हता.

तो अधिकार देण्याची वाट या जिल्ह्यांना नवी नाही. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद केली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाची राखण ग्रामसभा करू शकते हे देशाला दाखवले. जंगलाला जे लागू पडते ते पाळीलाही पडावे. ज्यांची बांधी त्या पाण्यावर भिजते आणि जे ढिवर त्यात मासे पाळतात, त्यांच्या ग्रामसभेकडे तलावाचा हक्क, पावसाळी पाळतीची वही आणि दुरुस्तीचा ठरलेला निधी द्यावा. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने तिच्या हाकेला बांधील राहावे. हिरशहाच्या वचनात पाणी आणि जोखीम एकत्र होती, पण ती एका माणसाच्या नावावर. आज ती गावाच्या नावावर करता येते. तसे झाले, तर ‘माजी’ हा शब्द तलावांच्या नावातून गळेल आणि पाळीवर चालणारी पावले परत येतील.