पत खराब, की पत मोजणाऱ्याची नजर खराब?

‘सिबिल खराब आहे, म्हणून कर्ज मिळत नाही,’ हे वाक्य आता आमच्या वस्त्यांत नेहमीचे झाले आहे. सांगणारा आवाज खाली आणून सांगतो. जणू काही गुन्हाच केला आहे! तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा माणसाची लायकी ठरवतो आणि आपणही ती मान्य करतो. पत म्हणजे शिस्त, पत म्हणजे चारित्र्य, असे बँकेने शिकवले आणि आपण ते पाठ केले. हा धडा तपासायचा असेल, तर अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या घराचा इतिहास वाचावा लागतो. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून आपल्या आणि त्यांच्या प्रश्नातले साम्य मांडले होते. तेव्हा ही तुलना आमची नवी नाही.

आधी गोष्ट समजून घेऊ. अमेरिकेत ‘होम इक्विटी लोन’ म्हणून एक कर्ज असते. घराची बाजारभावाने किंमत किती आणि त्यावर फेडायचे किती राहिले, यातला जो फरक तो मालकाचा हिस्सा. तो हिस्सा तारण ठेवून पुन्हा कर्ज काढायचे. छप्पर गळते आहे, आजारपण आहे, मुलाची फी आहे. गोऱ्या मध्यमवर्गाने असेच पैसे उभे केले आणि पिढी वर नेली. म्हणजे पहिला प्रश्न पतीचा नाहीच. पहिला प्रश्न हा, की तारण ठेवायला घर कोणाकडे होते?

१९३३ साली होमर हॉइट या अर्थतज्ज्ञाने शिकागोच्या जमिनींच्या किमतींवर प्रबंध लिहिला. त्यात कोणते लोक शेजारी आले की जमिनीचा भाव किती पडतो, याची उतरंड दिली आहे. सर्वात वर इंग्रज, जर्मन, स्कॉट, मग खाली येत येत इटालियन वगैरे, नवव्या पायरीवर निग्रो आणि दहाव्यावर मेक्सिकन. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती इथे जमिनीच्या भावात मांडलेली दिसते. हा गृहस्थ पुढे फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे गृहकर्जाला सरकारी हमी देणाऱ्या खात्याचा, मुख्य अर्थतज्ज्ञ झाला. हे खाते १९३४ चे. १९३६ साली इकडे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ छापले जात होते. त्याच साली या खात्याची नियमपुस्तिका अधिकाऱ्यांना सांगत होती, की वस्तीत ‘विजोड’ वंशाचे लोक शिरण्याचा धोका असेल, तर कर्जाची प्रत खालची समजावी.

लाल रंगाचे नकाशे आता प्रसिद्ध आहेत. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून घेतले. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोका. काळ्या वस्त्या बहुतेक सगळ्या लाल. आमच्या काही वक्त्यांना हा नकाशा दाखवायला फार आवडतो; पण एक गोष्ट नीट सांगायला हवी. त्या कॉर्पोरेशनने काळ्या घरमालकांनाही कर्जे दिली होती. खरी नाकेबंदी हमी देणाऱ्या खात्याने केली. नकाशा कागदावरच राहिला असता. हमी नाकारली, म्हणून पैसा अडला.

मग घर घ्यायचे कसे? कराराने. विक्रेता घर देई, पण खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही. क्लाइड रॉस मिसिसिपीतून शिकागोला आले. त्यांनी लॉनडेल भागात १९६१ साली २७,५०० डॉलरला घर घेतले. विक्रेत्याने ते सहाच महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते. अशा खरेदीदारांनी १९६८ साली कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग उभी केली आणि हप्ते रोखून धरले. मुद्दा लक्षात घ्या: वीस वर्षे इमानदारीने हप्ते भरूनही हातात खरेदीखत नाही, म्हणजे तारण नाही. शेजारच्या उपनगरातला गोरा तेवढेच किंवा कमी पैसे भरून पतवान झाला.

किंग यांच्या हत्येनंतर आठवड्यात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांबाबतच्या भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. पुढे १९७६ मध्ये कर्ज देताना वंश पाहण्यास बंदी आली, १९७७ मध्ये ज्या वस्तीतून ठेवी घेता तिथे कर्जही द्या असे बँकांना सांगण्यात आले. काळ्या कुटुंबांच्या हातात घरे आली. आणि इथेच इतिहासाने वळण घेतले. ज्यांना कर्ज नाकारले जात होते, त्यांना आता दारात येऊन कर्ज देऊ लागले!

१९८० साली पहिल्या गहाणावरील व्याजाच्या राज्यांनी घातलेल्या मर्यादा केंद्राने उठवल्या. १९८६ च्या करसुधारणेने इतर वैयक्तिक कर्जांवरच्या व्याजाची करसवलत काढली आणि घरावरच्या कर्जाची ठेवली. घर गहाण टाकणे फायद्याचे झाले. १९८९ मध्ये फायको गुणांक आला. ज्याचा आकडा खाली, त्याच्यासाठी ‘सबप्राइम’ बाजार उघडला. त्याची रीत आपल्या सावकाराला लाजवेल अशी होती. समजा, विधवा आजीचे घर ६०,००० डॉलरचे आहे, फेडायचे राहिले १०,०००. तिला छपरासाठी ८,००० हवे आहेत. तिचे उत्पन्न कोणी नीट विचारत नाही, कारण सावकाराचा डोळा उत्पन्नावर नाही, त्या ५०,००० वर आहे. जुने कर्ज नव्यात मिसळायचे, वर फी आणि विमा चढवायचा, मुदतीआधी फेडल्यास दंड लावायचा. वर्षभरात हप्ता थकला, की पुन्हा नवे कर्ज, पुन्हा फी. शेवटी लिलाव. पत खराब असल्याने कर्ज महाग पडले हे अर्धसत्य आहे. कर्ज महाग दिल्यामुळेही पत खराब झाली.

आमचे काही डावे मित्र म्हणतील, हा गरिबीचा प्रश्न आहे, वंशाचा कशाला करता? अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १९९८ सालच्या पुनर्कर्जांचा अभ्यास केला. श्रीमंत काळ्या वस्त्यांत ३९ टक्के कर्जे सबप्राइम होती. गरीब गोऱ्या वस्त्यांत १८ टक्के. श्रीमंत काळा माणूस गरीब गोऱ्याहून दुप्पट धोक्याचा कसा ठरला, याचे उत्तर वर्गात सापडत नाही. पुढे २०११ मध्ये कंट्रीवाइड या कंपनीने ३३.५ कोटी डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली. आरोप असा, की दोन लाखांहून अधिक काळ्या व हिस्पॅनिक कर्जदारांकडून जास्त पैसे घेतले आणि त्यातल्या दहा हजारांवर लोकांना चांगली पत असतानाही सबप्राइम कर्ज माथी मारले. पत चांगली असतानाही! मग तो आकडा नेमके काय मोजत होता?

इथे आपल्या सातबाऱ्याकडे वळावेच लागते. महार वतनाच्या जमिनींसाठी बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन परत मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि सरकारने ठरवलेली रक्कम भरल्याशिवाय हस्तांतर नाही, या शर्तीवर. शर्तीचा हेतू जमीन टिकावी हा होता, हे आम्ही नाकारत नाही. बिल्डरांनी वतनाच्या जमिनींचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण तीच शर्त बँकेच्या टेबलावर जमिनीची किंमत खाली आणते. गावठाणाबाहेर, गायरानावर उभ्या घराला तर कागदच नाही.

काळ्या चळवळीकडे आणि तिच्या मित्रांकडे एक हत्यार होते. १९७५ च्या कायद्याने बँकांना आपली गृहकर्जे कोणत्या भागात दिली हे उघड करावे लागले आणि १९८९ च्या दुरुस्तीनंतर अर्जदाराचा वंशही. १९८८ मध्ये अटलांटातल्या एका वृत्तपत्राने अशाच आकड्यांवरून दाखवले, की सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या वस्त्यांना बँका काळ्या वस्त्यांच्या पाचपट कर्जे देतात. आपल्याकडे दुर्बल घटकांना दिलेल्या कर्जाची एकूण बेरीज बँका कळवतात. पण कोणत्या शाखेने कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या जातीच्या किती अर्जदारांना नाही म्हटले आणि ज्यांना हो म्हटले त्यांना व्याज काय लावले, हे जाहीर करायला लावणारा कायदा नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेसमोर पुढचे निवेदन द्यायला जाल, तेव्हा कर्जाचे उद्दिष्ट वाढवा एवढेच लिहू नका. नाकारलेल्या अर्जांची यादी मागा, शाखेसह आणि कारणासह.