भिंत, पेटी आणि कपाट

लहान घरात सामान ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न आज घरोघरी ऐकू येतो. त्याचा दोष बहुधा जागेच्या टंचाईवर घातला जातो. तो अगदीच खोटा आहे असे नाही. परंतु आपल्या मागील पिढ्या याहून पुष्कळ अधिक माणसे घेऊन मोजक्या खोल्यांत राहत होत्या, आणि तरीही त्यांच्या माजघरात वीसपंचवीस पाने एका पंक्तीला बसत. हे कसे साधत असे, आणि पुढे ते का साधेनासे झाले, याचा विचार करावयाचा तर कोल्हापूरच्या राजारामपुरीसारखी वसाहत फार उपयोगी पडते. कारण जुन्या पेठेतून नव्या वसाहतीत येताना मराठी मध्यमवर्गाच्या घरात कोणता पालट झाला, तो येथे लहानशा अंतरात पाहावयास मिळतो.

जुन्या पेठांतील वाड्याची भिंत दीड-दोन हात जाडीची असे. ती छपराचा भार वाही, ऊन अडवी, आणि त्याखेरीज तिसरेही एक काम करी. ती घराचे कोठार होती. तिच्या पोटात दिव्यासाठी देवळी, पोथीसाठी कोनाडा, डब्याबरण्यांसाठी फडताळ आणि धान्यासाठी बळद असे. भिंतीत न मावलेले सामान वर जाई. खुंटीवर पगडी, दांडीवर लुगडी-धोतरे, शिंक्यावर दूधदुभते, माळ्यावर वर्षाची बेगमी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड एकावर एक चढे आणि एका मडक्याच्या जागेत पाचसहा मडकी राहत. जमिनीवर कायमचे असे फारच थोडे उरे. पाट जेवणापुरता मांडला जाई, चौरंग पूजेपुरता, आणि गाद्या रात्रीपुरत्या. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या एखाद्या मोठ्या पेटीवर रचल्या की तेच माजघर जेवणाचे होई, दुपारी निवडण्याटिपण्याचे होई व सायंकाळी मुलांच्या परवच्याचे होई.

या व्यवस्थेचे गुण सांगताना तिचे अवगुण झाकून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही. बळद अंधारे असे, माळा धुळीचा असे, आणि धान्याच्या मागोमाग उंदीर येत. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व लवकरच तो दक्षिण महाराष्ट्रातही पसरला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांना लोकांना गावाबाहेर उघड्यावर राहावयास लावण्याचे उपाय योजावे लागले. दाट वस्ती, कोंदट खोली आणि उंदीर यांविषयी सुशिक्षितांच्या मनात जी भीती बसली ती पुढे गेली नाही. घराला चहूंकडून उजेड व वारा हवा, ही कल्पना येथपासून बळावली.

शहर गावठाणाबाहेर वाढू लागले होतेच. शाहूपुरीची पेठ १८९५ मध्ये वसविण्यात आली. पुढे राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी राजारामपुरी उभी राहिली. त्यांची कारकीर्द १९२२ ते १९४० ही होय. सरळ रस्ते, त्यांना मिळणाऱ्या क्रमांकांच्या गल्ल्या, आणि मोकळ्या जागेत सुटी घरे, ही तिची मांडणी पेठेतील वाकड्यातिकड्या बोळांहून अगदी निराळी होती. अशा वसाहतींत नोकरदार, शिक्षक, वकील यांची बिऱ्हाडे आली.

या वर्गापैकी अनेकांची घराबाहेर राहण्याची पहिली ओळख वसतिगृहात झालेली असे. कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. तेथे खेड्यातून आलेल्या मुलाचा सारा संसार म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीतील एक खुंटी. ट्रंकेवर पाटी ठेवली की ते मेज होई. थोड्या सामानात नीट राहण्याचे हे शिक्षण मोलाचे होते. परंतु त्या मुलाने पुढे पगार मिळवून बिऱ्हाड केले तेव्हा त्याला खुर्ची, टेबल, पलंग, आरसा आणि कपाट हवे झाले. यात नुसती हौस नव्हती. जमिनीवर बसून लिहिणारा कारकून आणि टेबलापाशी बसणारा अधिकारी यांतील अंतर त्याने कचेरीत रोज पाहिलेले होते.

येथे एक अडचण उद्भवली. विटांची व चुन्यासिमेंटची नवी भिंत पुष्कळदा नऊच इंचांची असे. कपड्यांच्या कपाटाला दीड फूट खोली लागते. ती नऊ इंचांत मिळणार कशी? तेव्हा जे सामान पिढ्यान् पिढ्या भिंतीच्या पोटात होते ते बाहेर येऊन जमिनीवर उभे राहिले. १८९७ पासून कुलुपे करणाऱ्या गोदरेज कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटे करावयास घेतली, आणि कालांतराने तसले कपाट हे मराठी घराच्या प्रतिष्ठेचे लक्षणच झाले. हिशेब करून पाहावा. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट. त्यात सहा बाय चारचा पलंग २४, चार बाय दोनचे टेबल ८, तीन बाय दीडचे कपाट साडेचार व दोन खुर्च्या मिळून साडेचार. एकूण ४१ चौरस फूट. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक जमीन माणसाच्या हातून गेली, आणि कपाटाचे दार उघडावयास लागणारी जागा यात धरलेलीच नाही.

हाच पेच त्या काळी युरोपातही पडला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई झाली. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे सव्वासहा फूट रुंद व अकरा फूट लांब असे स्वयंपाकघर योजिले. कपाटे भिंतीला जखडलेली, साखरेसारख्या जिनसांसाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण, आणि हात पोहोचेल तेथे प्रत्येक वस्तू. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. जपानी घरात तर दिवसा अंथरूण भिंतीतील कपाटात जाते व खोली रिकामी होते. आपल्या माजघराचा नियम याहून वेगळा नव्हता: सामान भिंतीला, जमीन माणसाला.

परंतु सामानाच्या जागेचा प्रश्न केवळ चौरस फुटांचा नाही. घरात स्वतःची म्हणावी अशी जागा कोणाला मिळते, हाही त्यातच गुंतलेला आहे. वाड्यात पुरुषांना ओटी व बैठक होती. सुनेला काय होते? माहेरून आलेली एक पेटी आणि तिची किल्ली. त्या पेटीत दोन लुगडी, थोडे दागिने, आईची पत्रे असत, आणि तेवढ्याच जागेवर तिचा निर्वेध अधिकार चाले. नव्या घरात पेटी माळ्यावर गेली व कपाट आले. पण कपाट सर्वांचे ठरले आणि त्याची किल्ली बहुधा दुसऱ्याच्या कनवटीला गेली. फ्रांकफुर्टच्या त्या सुबक स्वयंपाकघरावरही पुढे हाच आक्षेप आला की, तेथे एकच व्यक्ती मावते, आणि ती बाई घरातील इतरांपासून तुटून पडते.

आज राजारामपुरीतील कित्येक जुन्या बंगल्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. महाराष्ट्रात १९७० साली सदनिकांच्या मालकीविषयी कायदा झाला व घर म्हणजे जमीन हे समीकरण हळूहळू सुटले. नव्या सदनिकांत स्लॅबचा पोटमाळा आहे, खाली खण असलेला दिवाण आहे, छतापर्यंत चढविलेली कपाटे आहेत. फडताळ, माळा व उतरंड यांचेच हे नवे अवतार होत, आणि त्यांचे स्वागतच करावयास हवे. मात्र त्यांत एक मोठा फरक आहे. जुना माळा पावसाळ्याअखेर रिकामा होई, कारण त्यावरील बेगमी खाऊन संपे. आजच्या पोटमाळ्यावर चढलेली वस्तू सहसा खाली उतरत नाही. बाजार दाराशी आला, वर्षाचे धान्य भरण्याची गरज सरली, आणि तरी साठा वाढतच गेला.

म्हणून लहान घर मांडणाऱ्या गृहस्थाने सुताराला बोलावण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. पहिलीत वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही ती लिहावी, आणि तिला घराबाहेरची वाट दाखवावी. दुसरीत घरातील माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्याचा एक खण, एक खुंटी व बसावयाचा एक कोपरा नेमून द्यावा. या दुसऱ्या यादीत अभ्यास करणारी मुलगी, वृद्ध सासू आणि दिवसभर घर सांभाळणारी गृहिणी यांची नावे आधी यावीत. कारण जागा अपुरी पडली की सर्वांत प्रथम त्यांचीच जागा जाते, असा आपल्या घरांचा आजवरचा अनुभव आहे.