लाइन : एका शब्दाचा रायपूरमार्गे प्रवास

आजचा विषय आहे एक शब्द, आणि तो इंग्रजी आहे. पण तो तुम्ही सकाळपासून किमान चार वेळा तरी वापरला असेल आणि इंग्रजी बोलतोय असं एकदाही वाटलं नसेल. शब्द आहे 'लाइन'.

ठिकाण घेऊ बीरगाव. छत्तीसगडमधल्या रायपूरला लागून असलेलं हे गाव आता स्वतंत्र महानगरपालिका आहे. शेजारी उरला औद्योगिक क्षेत्र, लोखंडाचे कारखाने, आणि जवळूनच जाणारा हावडा-मुंबई लोहमार्ग. इथे कुणी म्हणतं 'लाइनीच्या पलीकडे राहतो', तेव्हा ती रेल्वेची. 'लाइन गेली' म्हटलं की वीज गेली. रेशन दुकानासमोर 'लाइनमध्ये या' म्हणजे रांगेत. 'हा कुठल्या लाइनमध्ये आहे?' म्हणजे धंदा कोणता. 'पोरगं लाइनवर आलं' म्हणजे सुधारलं. आणि 'लाइन मारतो' याचा अर्थ मी सांगायला नको!

आता तुम्ही विचाराल, मराठीत शब्द नव्हते का? होते की. भूमितीला रेषा, लिहिण्याला ओळ, माणसांना रांग, गाडीला लोहमार्ग. मग हा पाहुणा एवढा पसरला कसा? माझं म्हणणं असं आहे, की आपल्याकडे 'लाइन'चा एकेक अर्थ एकेका घटनेबरोबर आला. शब्द उलगडत गेलो, तर दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

सुरुवात मुळापासून करू. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्याचं कापड म्हणजे लिनन. त्या धाग्याची दोरी ती 'लिनिया', आणि तिचीच पुढे इंग्रजीत 'लाइन' झाली. म्हणजे लाइन मुळात दोरी! दोरी ताणली की सरळ रेघ मिळते, म्हणून पुढे रेघेलाही तेच नाव पडलं. गंमत बघा, छत्तीसगडच्या आणि पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात भाताच्या उभ्या पिकातच जवस आणि लाखोळी फेकून पेरायची जुनी रीत आहे. ज्या झाडावरून हा शब्द निघाला, ते इथल्या बांधीत पिढ्यान्पिढ्या उगवतं आहे. फक्त आपण त्याचं तेल काढलं आणि चटणी केली, तिकडे दोरी वळली.

हा शब्द इकडे आला तो फौजेबरोबर. कंपनी सरकारच्या छावण्यांत देशी शिपायांच्या झोपड्या ओळीने बांधलेल्या असत. त्या वस्तीला म्हणत 'लाइन्स'. मुंबईतल्या मरीन लाइन्स स्टेशनचं नाव अशाच एका पलटणीच्या वस्तीवरून पडलं. पुढे पोलिसांच्या घरांची 'पोलीस लाइन' झाली, आणि गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची 'सिव्हिल लाइन्स'. नागपुरात आहे, रायपुरातही आहे. मोठी झाडं, रुंद रस्ते, आणि मूळ वस्तीपासून अंतर राखून. कुणी कुठे राहायचं, हे या शब्दाने ठरवलं.

रायपूरचा आणि नागपूरचा संबंध मात्र इंग्रजांच्या आधीचा. 1741 साली भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले. पुढे 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला. इंग्रजांनी 1818 नंतर मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्यच खालसा केलं. भोसल्यांचा मुलूख कंपनीचा झाला.

मग उजाडलं 1857. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात फाशी दिलं गेलं. महिना-सव्वा महिन्यात, 18 जानेवारी 1858 च्या रात्री, रायपूरच्या पलटणीतल्या हनुमान सिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं आणि लाइन्समधल्या शिपायांना उठावाची हाक दिली. बाकीची फौज उठली नाही. हनुमान सिंह निसटला, तो सरकारच्या हाती लागलाच नाही. मागे राहिलेल्या सतरा साथीदारांना 22 जानेवारीला सर्वांसमोर फाशी झाली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. तर मंडळी, शिपायांना ओळीत ठेवण्यासाठी बांधलेल्या वस्तीत ओळ मोडणारे सतरा जण होते, एवढं 'लाइन' म्हणताना आठवायला हवं.

यानंतर आली रेल्वे. 1880 च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटर गेजची गाडी सुरू झाली. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग ब्रॉडगेज केला आणि 1891 पर्यंत तो आसनसोलला भिडवला. रायपूरहून धमतरीला नॅरोगेज गेली. लोकांनी गेज-बिज बाजूला ठेवलं आणि म्हटलं 'बडी लाइन' आणि 'छोटी लाइन'. 1676 मिलिमीटर आणि 762 मिलिमीटर यांतला फरक दोन शब्दांत मिटला! रायपूर शहरातली छोटी लाइन आता उठली आहे, तिच्या जागेवरून एक्स्प्रेस-वे जातो. जुनी माणसं रस्ता सांगताना अजून 'छोटी लाइन' म्हणतात. रूळ गेले, शब्द राहिला.

रेल्वेनेच आपल्याला 'लाइन क्लिअर' दिलं. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला विचारतो, मार्ग मोकळा आहे का? होकार आला की यंत्रातून गोळा निघायचा, आणि तो हाती पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. आपण हा जीवन-मरणाचा नियम उचलला आणि थोरल्या बहिणीचं लग्न झालं की धाकट्याला म्हणू लागलो, 'आता तुझी लाइन क्लिअर!'

विजेचंही तसंच. पुण्यात 'लाइट गेले' म्हणतात, विदर्भात आणि रायपूरकडे 'लाइन गेली'. पुणेकर दिव्याकडे बघतो, नागपूरकर तारेकडे. चूक कुणाचीच नाही. आणि ती जोडायला खांबावर चढतो तो दोन्हीकडे लाइनमनच.

रांगेचा अर्थ पक्का झाला तो टंचाईत. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, मुंबईत रेशनिंग आलं आणि धान्यासाठी, रॉकेलसाठी उभं राहणं शहराच्या अंगवळणी पडलं. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर बँकांसमोर काय झालं, ते तुम्ही पाहिलंच आहे. लाइन सगळ्यांना सारखं करते असं म्हणतात. पण ज्याला रोजची मजुरी बुडवून उभं राहावं लागतं, त्याची लाइन इतरांपेक्षा लांब असते.

आणि आता नकाशावरची लाइन. 1893 ची ड्युरँड, 1914 ची मॅकमहोन, 1947 ची रॅडक्लिफ. या सर्वांना ठाऊक आहेत. पण मराठी माणसाच्या घरातून गेलेली एक रेघ फारशी सांगितली जात नाही. 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. पुढे 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं. हिंदी आणि छत्तीसगडी बोलणाऱ्यांचा मुलूख वेगळा होणं रास्तच होतं. पण तिथे पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आपलं घर न सोडता 'बाहेरच्या राज्यातली' झाली. ज्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढून छत्तीसगडातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घातला, त्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. आपण त्यांना रेघेच्या कुठल्या बाजूला बसवणार?

रायपूरच्या मराठी घरांतली मराठी ऐकून पुण्या-मुंबईचा पाहुणा कधीकधी हसतो. 'लाइन गेली' काय, 'बडी लाइन' काय! तेव्हा माझं सांगणं एवढंच, की हसण्याआधी विचारा, हा शब्द इथे कुठून आला? भेसळ वाटते त्या बोलीत पलटण आहे, रेल्वे आहे, दोन राज्यांच्या दोन पुनर्रचना आहेत. शुद्ध पर्याय जरूर वापरावेत, रांग आणि ओळ हे सुंदरच शब्द आहेत. पण 'लाइन' पुसली, तर तिच्याबरोबर आलेला अनुभवही पुसला जातो. आणि वापरायची, तर एक प्रश्न सोबत ठेवावा. ही लाइन आखली कुणी, आणि तिच्यात उभं कोण आहे?

जाता जाता, बीरगावात काय किंवा बार्शीत काय, घराचं बांधकाम चालू असेल तिथे क्षणभर थांबा. गवंडी दोन टोकांना सूत ताणतो आणि त्याच्या आधाराने विटा लावतो. त्या सुताला तो म्हणतो 'लाइनदोरी'. लाइन म्हणजेच दोरी, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तरी त्याने शब्द बरोबर मूळ जागी नेऊन बांधला आहे.

तुमच्याकडे 'लाइन' आणखी कशाला म्हणतात, गावाच्या नावासह जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.