प्रस्तावना : अंश सापडला, छेद कुठे?

पिंप्राळ्यातल्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर बसलेली एखादी आजी पाहा. मांडीवर कॅरीबॅग, तीत रक्ततपासणीचे कागद, अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, घडीवर फाटत आलेली चिठ्ठी. आधी कोणती गोळी चालू होती, असे डॉक्टरांनी विचारले की ती सांगते, "ती पांढरी, बारीक व्हती ना, तीच." मोठ्या आरोग्यनोंदींतून औषधांचे दुष्परिणाम हुडकणाऱ्या विद्याशाखेत पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत मी याच बाकावर करतो.

काही अपाय डोळ्यांना दिसतात. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. ती भेसळ होती, औषधाचा दुष्परिणाम नव्हे. पण एकाच रुग्णालयात मूत्रपिंडे पटापट निकामी होऊ लागली की संशय येतोच. याउलट, सांधेदुखीची गोळी घेणाऱ्या साठीतल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, तर 'वय झालं होतं' म्हणून घर गप्प बसते. रोफेकॉक्सिबचे तसेच झाले. 1999 साली बाजारात आलेले हे औषध एका चाचणीत धोका दिसल्यावर सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने मागे घेतले. भारतातही त्याच वर्षी बंदी आली. संशोधक डेव्हिड ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे 14 लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांत हृदयविकाराच्या 8,143 गंभीर घटना मोजल्या. त्यातली खुबी अशी, की रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांची तुलना त्याच दुखण्यासाठी सेलेकॉक्सिब ही दुसरी गोळी घेणाऱ्यांशीही केली. छत्रीवाले जास्त भिजलेले दिसले, म्हणून छत्रीने पाऊस पडतो असे होत नाही. गोळी घेणारा मुळातच आजारी असतो; म्हणून तुलना छत्रीवाल्याची छत्रीवाल्याशीच हवी.

आपल्याकडे औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. 2011 पासून त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा होऊ शकते, हा इशारा त्याने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला. पण आलेल्या तक्रारी हा नुसता अंश. गोळी एकूण किती जणींनी घेतली, हा छेद मिळाल्याखेरीज धोका हजारात एक की लाखात एक, हे ठरत नाही. 14 अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकाने विखुरलेल्या नोंदी जोडता येतील. मात्र मेडिकलवरून चिठ्ठीविना नेलेली पट्टी त्यातही उमटत नाही.

आज पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघाला आहे. ओढणारे हात शेकडो, चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणारे मोजके. रथ चालायलाच हवा. पण कुठे वळवायचा, कुठे थोपवायचा, हे मोगरीवाल्याची नजर ठरवते. औषधांचेही तसेच आहे. वाचकहो, त्यांच्या रथाची मोगरी आता तुमच्या हाती आहे. सुरुवात आजीच्या चिठ्ठीवर गोळीचे नाव आणि तारीख वाचता येतील अशी लिहिण्यापासून करा.

पिंप्राळा, जळगाव
आषाढी एकादशी